काकूच्या खोलीतलं गणित

त्या दुपारी माझ्या मुलीने उणे दोनातून उणे दोन वजा केले आणि उत्तर शून्य सांगितलं. ते ती माझ्याकडे शिकली नव्हती. ती माझ्या धाकट्या जावेच्या खोलीत बसली होती.

मी वरच्या व्हरांड्यात कपड्यांच्या घड्या घालत होते. जावेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगावर जाऊ, तिचा मुलगा आणि माझी मुलगी पत्ते खेळत होती. जावेने पदर कमरेला खोचला होता आणि पत्ते डोळ्यांच्या इतके जवळ धरले होते, जणू ते तिच्याकडून कोणी पळवणार होतं.

"काकू, मागच्या डावात तुझे दोन हात कमी पडले. म्हणजे तू उणे दोन," माझी मुलगी म्हणाली.

"माहीत आहे गं बाई, सगळ्या कॉलनीला कशाला सांगतेस!"

"ते दोन मी तुला माफ केले. ओढत नाही. आता तू किती?"

"किती?"

"तू सांग ना."

"मला काय विचारतेस? मी ऑक्टोबरची."

"अगं काकू, उणे दोन होते, त्यातून उणे दोन मी काढून घेतले. शून्य! तू बरोबरीत आलीस. काढून घेतलं तरी तू वर आलीस, कळतंय का?"

"अय्या, खरंच की. काढून घेतलं तरी वर! मग रोज काढत जा बाई."

तिघंही हसली. माझ्या हातात नवऱ्याचा सदरा होता. त्याची घडी मी बराच वेळ घालत राहिले.

तो सगळा आठवडा मी मुलीला हेच शिकवत होते. गच्चीवर खडूने संख्यारेषा काढली होती. मधे शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण. ऋण संख्या वजा करायची तर तोंड फिरवायचं आणि उलटं चालायचं, असं तिला चालवून दाखवलं होतं. ती चालली. मी विचारलं, "कळलं?" ती म्हणाली, "कळलं." ती नेहमी "कळलं" म्हणायची. वहीतली उत्तरं मात्र चुकलेली असायची, आणि मी ती दाखवली की ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. माझा चेहरा तेव्हा कसा होत असेल ते मला माहीत नाही.

आमच्या घरात तेव्हा दोन मुलं शाळेत जात नव्हती. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन भावांनी मिळून बांधलेलं दोन मजली घर, खाली आम्ही, वर दीर-जाऊ, आणि स्वयंपाक एकत्र. माझ्या मुलीला चौथीत असताना बाईंनी फळ्यासमोर उभं केलं, तेव्हापासून तिला रोज सकाळी उलट्या व्हायला लागल्या. पुतण्याला अक्षरं उलटी दिसायची, वाचताना ओळ सुटायची, आणि शाळेने त्याला मागच्या बाकावर बसवून टाकलं होतं. चौघांनी बसून ठरवलं की मुलांना घरीच शिकवायचं आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं. नातेवाइकांना हे पटलं नाही. वणीच्या मावससासूबाई नवरात्रात आल्या तेव्हा जेवताना म्हणाल्या, "लय शिकलेल्या दोन बाया घरात हायेत, आन पोरं बिनशाळेची! शेजारपाजारी काय सांगायचं आम्ही?"

"सांगा, शाळाच घरी आणली म्हणून," जाऊ म्हणाली. "तुम्ही पण बसा मावशी उद्यापासून. सतरा नंबरचा फॉर्म तुम्हालाही मिळेल."

मावशी हसल्या. जावेच्या बोलण्यावर माणसं हसत असत. मी तेच वाक्य बोलले असते तर ते भांडण झालं असतं.

वाटणी सोपी होती. मी गणितात एम.एस्सी. केलं होतं, ज्युनिअर कॉलेजात काही वर्षं शिकवलं होतं. तेव्हा गणित आणि विज्ञान माझ्याकडे. मराठी, इतिहास, भूगोल जावेकडे. जाऊ येवल्याची. दहावीला मार्चमध्ये ती गणितात राहिली होती आणि ऑक्टोबरला पुन्हा बसून सुटली होती. ही गोष्ट लग्न ठरताना तिच्या माहेरच्यांनी लपवली होती आणि लग्न झाल्यावर तिने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकली. "मी ऑक्टोबरची" हे ती अशा थाटात म्हणायची, जणू ती एक जात होती आणि आमच्यापेक्षा जरा वरची होती.

पुतण्या माझ्याकडे चांगला शिकला. शाब्दिक उदाहरणं मी त्याला वाचून दाखवायची. बाकी त्याला शब्द लागतच नसत. अंगणातल्या शहाबादी फरश्यांवर आम्ही खडूने चौकोन पाडायचो. एक बाजू अ अधिक ब, दुसरी बाजू अ अधिक ब. मग आत चार तुकडे दिसायचे, एक मोठा चौरस, एक छोटा, आणि दोन सारखे आयत. विस्तारसूत्र त्याने पाठ केलंच नाही. त्याला ते फरशीवर दिसलं होतं, संपलं. तो बोलायचा नाही, मीही बोलायची नाही. खडू एकमेकांच्या हातात जायचा. सातपूरच्या कारखान्यांचा भोंगा वाजला की आम्ही उठायचो. आज वाटतं, शिकवण्यातला जो काही आनंद माझ्या वाट्याला आला तो त्या अंगणात आला. पण तेव्हा मला त्याची किंमत कमी वाटायची, कारण तो माझा मुलगा नव्हता.

माझी मुलगी माझी होती. तिला मी गणित शिकवावं, तिने ते माझ्याकडून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं. मला गाता येत नव्हतं, गोष्टी रंगवून सांगता येत नव्हत्या, लग्नकार्यात बायकांच्या घोळक्यात मी भिंतीला टेकून बसायची. गणित मात्र मला येत होतं.

आणि ते ती काकूच्या खोलीत, पत्त्यांत शिकत होती.

पाच-तीन-दोन हा खेळ तिघांचाच. तीस पानं, प्रत्येकाला दहा. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. ज्याचे कमी पडतील त्याच्यावर तेवढ्या हातांचं देणं चढतं, आणि ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात त्याच्या हातातली पानं ओढतो. चौथ्या माणसाला त्यात बसताच येत नाही. बदाम सात खेळले असते तर मी बसले असते. मेंढीकोटला तर चौघं लागतातच. पण मुलांना पाच-तीन-दोनच हवा असायचा. मी गच्चीवर वाळवण नेताना, कपडे नेताना, तीन पाठी दिसायच्या आणि आवाज ऐकू यायचे.

"राणी लपवून ठेवलीस ना? सासूसारखी आत कोंडून ठेवलीस! काढ बाहेर!"

"काकू, तू माझी पानं बघतेस!"

"मी कुठे बघते? तीच माझ्याकडे बघतात."

या गोंधळात माझी मुलगी मोठ्याने हिशेब मांडायची. कोण किती वर, कोण किती खाली, कोणी कोणाचं माफ केलं, दोन डावांचं मिळून किती. चुकली की जाऊ म्हणायची, "मग? पुढे?" उत्तर बरोबर आलं तरी म्हणायची, "मग? पुढे?" कधीच "बरोबर" म्हणायची नाही, कारण तिला बहुधा माहीतच नसायचं.

एक दिवस मी जावेला म्हटलं, "पत्त्यांपायी माझ्या तासाला ती कंटाळते."

जाऊ भाजी निवडत होती. "माझा मुलगा दिवसभर तुमच्या अंगणात असतो ताई. मी काही म्हणते का? उलट म्हणते, ठेवून घ्या."

तिला खरंच काही वाटत नव्हतं. तिच्या मुलाला मी गणित शिकवते, तो घरभर "मोठी आई, मोठी आई" करतो, याचा तिला आनंद होता. तिला हेवा वाटत नव्हता, याचाही मला हेवा वाटायचा. तो सगळ्यात वाईट. त्याला उत्तर नसतं.

त्या थंडीत मला एक संधी मिळाली असं मला वाटलं. मी मुलीला उदाहरण घातलं होतं. समज निफाडला पहाटे उणे दोन अंश तापमान झालं, दुपारपर्यंत ते बारा अंशांनी वाढलं, तर दुपारचं तापमान किती? तिने वहीत काहीच लिहिलं नाही. पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "आई, निफाडला उणे दोन झालं, तर अधिक दोन कुठल्या गावाला गेलं?"

"काय?"

"कोणाकडे तरी अधिक दोन असणारच ना. नाहीतर बेरीज शून्य कशी येईल?"

मग मला कळलं. पत्त्यांत एकाचं कमी पडलं की दुसऱ्याचं जास्त होतंच. तिघांची बेरीज नेहमी शून्य. तिने तोच जगाचा नियम धरला होता. ही चूक शाळेत शिकलेल्या एकाही मुलाने केली नसती. आमच्याच घरात ती होऊ शकत होती.

मला इतका आनंद झाला की मी उठून वर गेले. "बघ," मी जावेला म्हटलं, "तुझ्या पत्त्यांनी काय करून ठेवलंय." आणि सगळं सांगितलं.

ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "पण ताई, प्रश्न चांगला आहे. कुठल्या गावाला गेलं असेल?"

"अगं, कुठेही जात नाही! तापमान म्हणजे काय पत्त्यातले हात आहेत का?"

"मला काय माहीत. मला वाटतं ओझरला गेलं असेल. ओझर जवळ आहे." आणि जिन्यात डोकावून तिने हाक मारली, "अगं ये इकडे, आपल्याला निफाडचं शोधायचंय!"

मुलगी धावत आली. त्या दोघींनी मिळून निफाडचे अधिक दोन ओझरला, पिंपळगावला, मग माझ्या माहेरी पाठवली. तिथेच बसलेल्या पुतण्याने भिंतीवर बोटाने एक उभी रेषा ओढली आणि म्हणाला, "थर्मामीटरला एकच नळी असते. दुसरी नळी नसतेच." मुलीने त्याच रेषेवरून बोट वर-खाली फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे इथे कोणी ओढत नाही. नुसतंच वर-खाली." आणि बारातून दोन गेले की दहा, असं ती स्वतःशीच बोलली.

तिची चूक त्या खोलीतच झाली आणि त्या खोलीतच सुटली. मी दारात उभी होते.

एकदा मी त्यांच्यात बसलेही. जाऊच म्हणाली, "ताई, तुम्ही बसा माझ्या जागी. मी चहा टाकते." मी बसले. कुठली पानं पडून गेली, कुठली कोणाकडे असतील, हे मला आपोआप लक्षात राहायचं. पाच हात करायचे होते, मी सात केले. पुढच्या डावात दोघांची पानं ओढली. त्याच्या पुढच्यातही. तिसऱ्या डावाला पुतण्या उताणा पडून पंख्याकडे बघत होता.

"आई, तू खेळताना बोलत नाहीस," मुलगी म्हणाली.

"मी विचार करते."

"हो, पण मग आम्ही काय करायचं?"

जाऊ चहा घेऊन आली तेव्हा माझी जागा मी तिला परत दिली. तिने पत्ते पिसायला घेतले.

मी ठरवलं की जाऊ जे करते तेच आपण करून बघायचं. न येण्याचं सोंग घ्यायचं. दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांच्या गुणाकाराला मी म्हटलं, "मला काही हे समजत नाही बाई. तूच सांग, अर्ध्याचं अर्धं कसं काय होतं?" मुलीने वहीतून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "आई, नाटक नको करूस," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी समजुतीने.

तिचं बरोबर होतं. जाऊ नाटक करत नव्हती. तिला खरंच येत नव्हतं, आणि न येण्याची लाजही नव्हती. तिच्यापुढे माझ्या मुलीला बोलत राहावं लागे, आणि बोलता बोलता तिला गणित यायचं. मुलीचं गणित कानातून आणि तोंडातून आत जायचं, तसंच बाहेर पडायचं. मला हे त्या वर्षीच कळलं होतं. पण कळून उपयोग नव्हता. मला येत असलेलं गणित मला न येणारं करता येत नव्हतं. एवढी वर्षं शिकून जे मी मिळवलं, तेच माझ्या आणि तिच्या मधे उभं होतं, आणि ज्या बाईकडे ते नव्हतं तिच्याजवळ माझी मुलगी मांडी घालून बसत होती.

असं काही वर्षं चाललं. नवं शतक आलं. घरात फोन झाला, मग कॉम्प्युटर झाला. मुलं मोठी झाली. पत्ते कमी झाले, पण सवय तीच राहिली. मुलगी पुस्तक घेऊन वर जायची आणि उदाहरणं जावेला मोठ्याने समजावून सांगायची. जाऊ शिवण मशीनवर बसलेली असायची. तिला त्यातलं एक अक्षर कळत नसे. मशीन थांबवून ती विचारायची, "मग? पुढे?" आणि मशीन पुन्हा सुरू.

मग जाऊ आजारी पडली. आधी थकवा, मग तपासण्या, मग मुंबईच्या फेऱ्या. दीर इगतपुरीची ड्यूटी करून थेट तिकडेच जात. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिची खोली खाली आणली. माझ्याच मधल्या खोलीत तिचा पलंग टाकला. पथ्याचं मी करायची, अंग पुसायची, केस विंचरायची. ती म्हणायची, "ताई, तुमचा हात हलका आहे. गणितवाल्यांचा असतो वाटतं." मी तिची सेवा मनापासून केली. पण दुपारी माझी मुलगी पुस्तक घेऊन तिच्या उशाशी बसायची, वर्गसमीकरणं वाचायची, आणि जाऊ डोळे मिटून ऐकायची. तेव्हा मी आतल्या खोलीत जायची. मरायला टेकलेल्या माणसाचा मला हेवा वाटत होता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

एकदा मुलगी वाचता वाचता थांबली. जाऊ झोपली असावी असं तिला वाटलं. मग पलंगावरून आवाज आला, अगदी बारीक. "मग?"

मुलगी पुढे वाचायला लागली.

दहावीच्या परीक्षेला थोडे महिने राहिले होते तेव्हा जाऊ गेली. सगळे दिवस-कार्य झालं, पाहुणे परतले. दीर आणि पुतण्या वरच्या मजल्यावर गप्प राहायला लागले. घरात मोठ्याने बोलणारं कोणी उरलं नाही.

एका दुपारी मी दोन्ही मुलांना बोलावलं. कपाटातून पत्त्यांचा जोड काढला. मला वाटलं, आता आपण तिघं आहोत. मला बोलता आलं नाही तरी बसता येईल. मी म्हटलं, "येता का? पाच-तीन-दोन."

पुतण्याने मुलीकडे पाहिलं.

मुलगी म्हणाली, "नको आई. गणितच करू या."

ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. मी समीकरण मांडलं, ती सोडवत गेली. न बोलता, ओळीखाली ओळ. बरोबर आलं. मी पुढचं घातलं. तेही बरोबर आलं. परीक्षेपर्यंत ती रोज माझ्याकडे बसली. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. ती कुठे अडली तर तिचे ओठ नुसते हलायचे, आवाज यायचा नाही. ती कोणाला समजावून सांगते आहे ते मला माहीत होतं. मी वहीकडे बघायची.

दोन्ही मुलं पास झाली. पुतण्याने पुढे घरांचे नकाशे काढण्याचं शिक्षण घेतलं. तो आजही माझ्याकडे येऊन बसतो. आम्ही दोघं फार बोलत नाही, आणि त्याला ते चालतं. मुलीने अकरावीला विज्ञान घेतलं, मग कॉलेज, मग पुण्याला नोकरी. सुटीला आली की माझ्याशी चांगलं वागते. तब्येत विचारते, औषधं आणून देते. कधी कधी जेवताना काकूचं काहीतरी आठवून एकटीच हसते. मी काय झालं म्हणून विचारते. ती म्हणते, "काही नाही गं, सांगण्यासारखं नाही."

शेजारच्या एक बाई मला म्हणतात, तुमची मुलगी गणितात हुशार, तुमच्यावर गेली. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

माझी जाऊ आता नाही. मुलगी पुण्याला आहे. दुपारी मी वाचत बसते. जावेची आठवण येते आणि मला अजून तिचा हेवा वाटतो.